दहा-दहा शब्द

ता. ११ जानेवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि.

तू रुसली असशील. रुसलीस की तू भांडी जोरात आपटतेस, त्याचा आवाज मला इथं सहाव्या मजल्यावर येतोय. पोचल्यापासून पत्र नाही लिहिलं, चुकलंच. पण लिहायला काही घडावं तरी लागतं. माझी लेक, तुझी पुतणी, सकाळी सातला लॅबमध्ये जाते, लोकांचं रक्त तपासते, आणि अंधार पडल्यावर येते. मधल्या वेळात मी, दोन खुर्च्या, एक खिडकी. खाली रस्ता आहे, त्यावरची माणसं वरून बटणांएवढी दिसतात. परवा एकानं वर पाहिलं तर मी हात हलवला. तो घाईनं निघूनच गेला.

आता बातमी. मी शाळेत जाते. हसून घे. माझा इथं राहायचा परवाना थोड्याच महिन्यांचा. पुढं राहायचं असेल तर एकोणीस मेला इंग्रजीची परीक्षा पास व्हायची, नाहीतर ऑगस्टमध्ये बिऱ्हाड उचलून तुझ्या उरावर परत. आठवड्यातनं तीन दिवस वर्ग असतो. माझ्या शेजारी एक बेकरीवाला बसतो, त्याच्या भुवयांत कायम पीठ.

सगळं जमतं गं, पण चिटुकल्या शब्दांनी जीव खाल्लाय. ॲट, इन, ऑन, बाय. ही चार घरं समज, आणि बाकीचे शब्द ह्यांच्या सुना. कुठली पोर कुठल्या घरी दिलीय हे पाठ करायचं, का म्हणून विचारायचं नाही. कार ‘इन’च्या घरी पडली आणि तिची सख्खी बहीण बस ‘ऑन’च्या घरी. घाई ‘इन’कडं, वेळेवर येणं ‘ऑन’कडं, आणि चूक ‘बाय’कडं नांदते. आपल्या दोघींना निदान एका घरी तरी दिलं होतं.

तेव्हा आठवलं. ह्यांची वही. डिपोतल्या बढतीच्या परीक्षेसाठी ह्यांनी हेच सगळं लिहून काढलं होतं, तपकिरी पुठ्ठ्याची जाड वही, माझ्या पत्र्याच्या ट्रंकेत तळाला असेल. ती पाठव.

माझ्या खुर्चीत बसत असशीलच. बस, पण पाय वर घेऊन बसू नकोस, तिचा वेत फाटलाय.

तुझी टवाळखोर,
थोरली

*

ता. २९ जानेवारी

ती. जाऊबाईंना,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. भांडी मी आपटत नाही. एका माणसाची भांडी असतात किती.

वही सापडली. भावजींचं अक्षर बघून मी ट्रंकेपाशीच बसून राहिले थोडा वेळ. पण वही टपालात टाकायला मन होत नाही. हरवली तर दुसरी कुठून आणायची? म्हणून मी उतरवून पाठवते. मला इंग्रजी मुळाक्षरं येतात, अर्थ कळत नाही, तेव्हा रांगोळीसारखं बघून बघून काढावं लागतं. डोळे दुखतात. एका पत्रात दहा शब्द होतील. सोबत पहिले दहा आहेत.

इथलं बरं आहे. समोरची शिलाईवाली रोज विचारते, थोरल्या कधी येणार. मी सांगते, ऑगस्टात. चहाला पाणी अजून दोन कपांचं पडतं हातून. एक कप पिते, दुसरा गार झाल्यावर पिते. तुमच्या खोलीचं दार लावलं होतं, पण मग रात्रभर वाऱ्यानं वाजत राहायचं, आता उघडंच ठेवते.

तुमच्या खुर्चीत मी बसत नाही.

पुतणीला जवळ घेतल्याचं सांगा. तुमची माया आहे तशी राहो.

तुमची,
धाकटी

*

ता. १६ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि.

दहा शब्द मिळाले. सोनं तोलून द्यावं तसे दिलेस. वही भरून शब्द आहेत, आणि तुझे डोळे दुखतात म्हणे. शिलाईवालीच्या घरी कोण आलं कोण गेलं हे तुला तीन खिडक्यांपलीकडून दिसतं, तेव्हा डोळे कुठं जातात?

मी कागदाच्या पट्ट्या करून घरभर चिकटवल्यात. कपाटावर, खिडकीवर, घड्याळाखाली. पुतणीच्या डब्यावर ‘ॲट वर्क’ चिकटवलं, तर ती तशीच पट्टीसकट डबा घेऊन गेली, आणि लॅबमधली सगळी हसली म्हणाली. हे सांगताना ती स्वतःही जरा हसलीच. फार थकते गं. आल्यावर बुटाची नाडी सोडता सोडता तशीच बसून राहते. काही विचारलं तर म्हणते, काही नाही आई. ह्या पोरीला आपण दोघींनी बडबड करून वाढवलं, आणि ही अशी मुकी कुणावर गेली?

तुझ्या यादीतला सातवा शब्द मी वर्गात मोठ्यानं म्हटला, ‘ऑन होम’. बेकरीवाला इतका हसला की पीठ उडालं. बाईंनी विचारलं, हे कुणी शिकवलं. मी सांगितलं, माझ्या नवऱ्यानं. मग कुणी हसलं नाही.

हे त्या परीक्षेला तीनदा बसले आणि तीनदा नापास झाले. आठवतं ना, तिसऱ्यांदा निकाल लागला तेव्हा मी पितळी तबकात वही ठेवून ह्यांच्यापुढं धरली होती, आता हिचीच पूजा करा म्हणून. तू तोंडात पदर कोंबून हसत होतीस. हेही हसले. मला वाटायचं ह्यांना गंमत वाटते. आता रोज संध्याकाळी त्याच शब्दांपुढं बसते, तेव्हा वाटतं, कुणास ठाऊक.

पुढचे दहा धाड. अकरावा फुकट दिलास तरी चालेल.

थोरली

*

ता. १० मार्च

ती. जाऊबाईंना,
शि. सा. न. वि. वि.

सातव्या शब्दाचं वाचून मला खाली बघावंसं झालं. वहीत त्यावर लाल फुली आहे. बऱ्याच शब्दांवर आहेत. मला वाटलं भावजींनी शोभेला काढल्यात. माझ्याकडं लाल पेन नाही, म्हणून मी नुसते शब्द उतरवले. आता फुल्या असलेले गाळते. माझ्यामुळं तुम्हाला लोक हसले, माफ करा.

भावजींना त्या दिवशी गंमत वाटली नव्हती. तुम्ही आत गेल्यावर त्यांनी तबकातून वही उचलली, पदरानं पुसायला मला दिली आणि म्हणाले, तिला सांगू नकोस, मी पुढच्या वर्षी पुन्हा बसणार आहे. पुढच्या वर्षी त्यांची छाती दुखायला लागली. हे मी इतकी वर्षं बोलले नाही. आता शाळेत तुम्हीच बसलात, म्हणून सांगितलं.

सोबत दहा शब्द आहेत. खुर्चीचा वेत विणून घेतला. ऑगस्टपर्यंत सैल पडणार नाही असा घट्ट विणा, असं सांगितलं होतं.

घरात बोलायला कुणी नाही म्हणून मी शब्द उतरवताना मोठ्यानं म्हणते. शिलाईवाली विचारत होती, पाहुणे आलेत का.

लोभ कमी करू नये.

धाकटी

*

ता. २८ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र चारदा वाचलं. तबकाचं. पुढं काय लिहावं कळत नाही, म्हणून दुसरंच लिहिते.

तुला खरं सांगते, आतापर्यंत मी परीक्षेचं फार मनावर घेतलं नव्हतं. पास झाले तर बरं, नाही झाले तर आपलं घर, आपली खुर्ची, आणि तुला छळायला मोकळी. निम्मा जीव तिकडंच होता.

परवा पट्ट्या पुसत होते, त्यांच्यावर धूळ बसते. बाहेरच्या दाराला आतल्या बाजूनं, डोळ्यांच्या उंचीवर, एक पट्टी दिसली. माझी नव्हे. पुतणीचं अक्षर. ‘आई इज ॲट होम.’ म्हणजे आई घरी आहे. पट्टीचे कोपरे मळले होते, म्हणजे बरेच दिवसांची. सकाळी सातला बूट घालून ती ते वाचते आणि दार ओढून घेते. मला एका शब्दानं बोलली नाही. संध्याकाळी नुसतं विचारलं, मी यायच्या आधी तू संध्याकाळी काय करायचीस. ती म्हणाली, आई, खालून खिडकी बघायचे आणि जिना चढायचा कंटाळा यायचा, अंधार असायचा ना.

धाकटे, मला पास व्हायचंय. दहा-दहा पुरे झाले. मे एकोणीसला सात आठवडे उरलेत. वहीत अजून किती पानं आहेत ते सांग आणि सगळी पाठव. डोळे दुखत असतील तर शिलाईवालीचे उसने घे.

तुझ्यावर रागावलेली नाही,
थोरली

*

ता. २० एप्रिल

ती. जाऊबाईंना,
शि. सा. न. वि. वि.

डोळे दुखत नव्हते.

एका दुपारी सगळी वही उतरून झाली असती. टपालाचंही खोटं. पावती घेऊन पाठवलं की हरवत नाही, पोस्टमननं जानेवारीतच सांगितलं होतं. मी दहाच पाठवत होते, कारण दहा पाठवले की तुमचं पत्र येतं, पुढचे दहा पाठव म्हणून. सगळे एकदम दिले तर तुम्ही कशाला लिहाल?

आणि दुसरंही आहे. ते लिहायला मला दोन दिवस लागले. वाटायचं, शब्द उशिरा पोचले तर तुम्ही नापास व्हाल. ऑगस्टात याल. खुर्ची तयार केली होती. लाल फुल्यांचं मात्र खरंच कळलं नव्हतं, त्यात लबाडी नाही.

पुतणीच्या पट्टीचं वाचलं आणि माझी मला लाज वाटली. तिच्या वेण्या मी घातल्यात. तिनं अंधारा जिना चढावा आणि मी इथं तुमची वाट बघावी, असं कसं.

वही पाठवतेय, मूळचीच. पावती केलीय. शेवटच्या पानावर भावजींनी ओळीच्या ओळी लिहिल्यात, शब्द नाहीत, वाक्यं आहेत. ती मला उतरवता आली नाहीत, फार फुल्या आहेत. तुम्हाला आता वाचता येतील.

मन लावून पेपर लिहा. माझ्यावरचा लोभ राहिला तर राहिला.

धाकटी

*

ता. २ जून

चि. धाकटीस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

पास झाले. एक चूक. परीक्षा घेणाऱ्या बाईंनी एका खोलीचं चित्र दाखवलं आणि काय कुठं आहे ते सांगा म्हणाल्या. मी इतकं सांगितलं की शेवटी त्यांनीच थांबवलं. बेकरीवालाही पास झाला. पुतणीनं निकालाचा कागद बघितला, दोनदा घडी घातली, आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपून गेली. बूट पायात तसेच.

आता माझी लबाडी ऐक. बाईंनी पहिल्याच दिवशी छापील पुस्तक दिलं होतं. चारही घरं, सगळ्या सुना, चित्रांसकट. वहीची मला गरज नव्हती. पण तुला नुसतं ‘पत्र लिही’ म्हटलं असतं तर तू कुशल आहे असं दोन ओळींत कळवून मोकळी झाली असतीस. काम दिलं की तू बोलतेस, हे मला लग्न होऊन तू घरात आलीस तेव्हापासून ठाऊक आहे. मार्चात सगळी पानं मागितली ती मात्र तबकाचं वाचून, ह्यांनी काय लिहिलंय ते बघायला. सातवा शब्द चुकीचा आहे हेही मला कळलं होतं. ह्यांची चूक होती ना ती, एकदा मोठ्यानं म्हणून बघावीशी वाटली. आणि तू मला नापास करायला निघालीस त्याचा राग म्हणशील, तर मी नापास व्हावं असं वाटणारं कुणीतरी आहे, एवढं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

वहीचं शेवटचं पान वाचलं. ह्यांनी सरावाला वाक्यं केलीत, सगळी माझ्यावर. माझी बायको घरी आहे. माझी बायको स्वयंपाकघरात आहे. माझी बायको गच्चीवर आहे. कुठंकुठं बसवलंय मला, पण चिटुकले शब्द सगळे चुकलेत, ओळीओळीला लाल फुली. डिपोतल्या साहेबांनी तपासलं असणार. तळाला एकच वाक्य असं आहे ज्यावर फुली नाही, बरोबरची खूण आहे. ‘शी लाफ्स ॲट मी ऑन पर्पज.’ म्हणजे, ती मला मुद्दाम हसते. एवढ्या पानात तेवढंच एक बरोबर आलं ह्यांना. पान मिटून मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. खाली बटणं चालली होती. हात हलवला नाही.

ऑगस्टात मी येत नाही. हे तुला कळलंच आहे, पण माझ्या हातानं लिहायला हवं. त्या खुर्चीत तू बस. पाय वर घेतलेस तरी चालेल.

आणि चहा एक कपाचा टाक. दुसरा गार पिऊ नकोस.

वही मी इथं ठेवून घेतेय. लाल पेन आणलंय. आता तू शाळेत. कशाला म्हणशील, तर उद्या तू आलीस आणि मी खाली उतरले नाही, तर कुणाला तरी विचारता आलं पाहिजे की ही बाई कुठल्या मजल्यावर राहते. उलट टपाली वाक्यं करून पाठवायची. चुकली तर फुली मारीन, गय नाही. वहीत दोनशे चाळीस शब्द आहेत, म्हणजे चोवीस पत्रं. मधे एखादा शब्द मुद्दाम विसरीन, मग पंचवीस.

सोबत पहिले दहा आहेत. जास्त मागू नकोस, माझे डोळे दुखतात.

तुझी,
थोरली