विहिरीतली हाहा

प्रिय मधुवंती,

तू टोकियोला बदलून गेलीस, पण सिंगापुरातल्या आमच्या सेम्बावांगच्या फ्लॅटमधून काही हलली नाहीस. इरा दिवसभर तू ऐकवलेलीच गाणी लावते. वेड लागलेल्या मुली, विहिरीतले आवाज आणि बाहुलीसारखा तो चिरका जपानी सूर. बारा वर्षांच्या भाचीला कुठली आत्या असलं शिकवते? बडबडगीतं मी म्हटली, आणि पाठ काय झालं, तर तुझं.

एका गाण्यात विहिरीतली मुलगी सारखी "हाहा, हाहा" करते. इराही तसंच करायची, आणि मला वाटायचं, तुम्ही दोघी मिळून मलाच हसताय. शनिवारी मी चिडलेच. म्हटलं, "बंद कर ते खिदळणं."

"हसत नाहीये लाह," ती तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली. "जपानीत हाहा मीन्स आई. ती आईला बोलावतेय, बट शी नेव्हर कम्स. आत्याला माहितीये."

ते शेवटचं वाक्य तिनं गिळलं असतं तर बरं झालं असतं.

आज तिच्या खोलीतून पुन्हा "हाहा" ऐकू आलं, तेव्हा मी स्वयंपाकघरातून मोठ्यानं ओ दिली. गाणं थांबलं. मग ती हळूच, गाण्याशिवाय म्हणाली, "हाहा?" मी पुन्हा ओ दिली.

हेच तुला कळवायला बसले होते. पण आता हे पत्र पाठवत नाही. आत्याला माहीत नसलेलं एवढं एक आमच्याकडे राहू दे.

तुझी वहिनी,
उल्का