तुझ्या दारात माझं घर

कडेगाव,
ता. ९ फेब्रुवारी १९७६

चि. सौ. विजयमाला हिला आबाचे पोटभर आशीर्वाद.

हिकडं आमी खुशाल. ऊस कारखान्याला गेला, म्हस व्याली, रेडी झाली. जावईबापू कृष्णातरावांना रामराम. तुझ्या सासूबाईंचा गुडघा कसा हाय? तू उत्तर धाडत न्हाईस, म्हणून मीच इचारतो आन मीच पुढं लिहितो. आईच्या तेराव्याला आलीस, न बोलता परत गेलीस, त्याला आता दीड वरीस झालं.

पत्राचं कारण तसं बारकंच हाय. मी गाडी घेतली. आगं, हसू नगंस! फौजेनं निकालात काढलेला ट्रक. तसल्याच गाडीवर मी अठरा वर्सं ड्रायव्हरकी केली, तवा हिचं दुखणं-खुपणं मला आवाजावरनं कळतं. मागच्या हौद्यावर घर बांधलंय. बाभळीच्या फळ्या, वर पत्रा, दोन खिडक्या. निजायची फळी साखळीवर हाय, सकाळी उचलून भिंतीला लावायची. डबे पडू नयेत म्हणून फडताळाला आडवी पट्टी मारली. खिडकीला तुझ्या आईचं हिरवं इरकली लुगडं फाडून पडदा केला. फाडताना हात चालंना, पर केला.

गाव म्हणतंय, म्हाताऱ्याला याड लागलं. लालासाहेब तर पारावर बसून वरडतोय, "घर फिरलं की वासं फिरत्यात म्हणं, ह्येचं तर चाकासकट फिरणार!" फिरू दे की. त्याच्या बाचं काय जातंय?

खरं तर ही अक्कल तुझीच. आठवतंय का? मी सुट्टीवर आलो की तू मळ्यातल्या मोडक्या बैलगाडीत चूल मांडायचीस. वडाच्या पानाच्या भाकरी करून मला वाढायचीस. मी उगं तोंड हलवलं की रुसायचीस, "आबा, नीट जेवा, न्हाईतर गाडी हलायची न्हाई." मग मी मिटक्या मारत जेवायचो. लय गोड दिवस व्हते, माला.

लेकीला मूल झाल्याबिगर तिच्या घरचं पाणी घ्यायचं न्हाई, ही आपली रीत. म्हणून हा खटाटोप. म्हणलं, तुझ्या अंगणातल्या फणसाखाली गाडी लावावी, माझ्याच स्टोवर शिजवावं, माझ्याच घरात निजावं. रीत बी ऱ्हाईल, लेक बी दिसंल. असं मनाशी धरून काम काढलं.

आता जे लिहायचं टाळत आलो ते लिहितो. मरायच्या आदल्या चैतात तुझी आई मेढ्याला तुझ्या घरी आली. तू गूळपाणी पुढं ठेवलंस, तिनं शिवलं न्हाई. तू म्हणलीस, "आई, माझं पाणी कडू हाय का?" ती तशीच उठली आन एस.टी. स्टँडच्या नळावर रडत रडत प्याली. तू तिच्यावर राग धरलास. पोरी, तिची चूक न्हवती. ती पिणारच व्हती. निघताना मीच तिला देव्हाऱ्यापुढं शपथ घालून धाडली. शेवटाला अंथरुणात म्हणायची, "आवं, लेकीचं पाणी प्यायचं ऱ्हायलं." देवानं तुला मूल दिलं न्हाई ह्यात तुझा काय गुन्हा? शिक्षा मातर मी दिली, तुला बी आन तिला बी. हे सांगायला भ्यालो. लढाईत भ्यालो न्हाई इतका तुला भ्यालो.

काल घर पुरं झालं. अर्जुना सुतारानं इचारलं, "आबा, पाण्याचा माठ कुठं बसवू?" त्यासाठी स्टोजवळ जागा सोडली व्हती. मी म्हणलं, नगं बसवू.

येत्या सोमवारी निघतो. दारात हॉर्न वाजला की तांब्या भरून बाहेर ये. दिलंस तर पिईन. न्हाई दिलंस तरी फणसाखालीच बसून ऱ्हाईन.

तुझ्या आईच्या वाटणीचं बी प्यायला येणारा,
तुझा आबा