फटफटी का बंद पडली

५ फेब्रुवारी १९६९, धुळे
...चार महिन्यांपूर्वीच्या त्या सकाळी नळाला पाणी उशिरा आलं. दोन हंडे भरले, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापल्या, ह्यांच्या डब्यात ठेचा घातला. फटफटी एरवी दुसऱ्या किकला सुरू व्हायची. त्या दिवशी सहा लागल्या. "थंडी धरली तिला," म्हणाले. दसरा होऊन दोनच दिवस झालेले, कसली थंडी. कापूस पाहायला पारोळ्याला निघाले. वाटेत ट्रकला मागे टाकताना इंजिन बंद पडलं. ट्रकवाल्याचा जबाब तसाच आहे. पुढचं लिहीत नाही.

आज पोलिसांनी फटफटी परत दिली. पुढचं चाक वाकलंय. इंजिनाला ओरखडाही नाही.

६ फेब्रु.
मोठे दीर, नाना, कागद घेऊन आले. माझाच जबाब, त्यांनी लिहून आणलेला. दसऱ्याआधी रहीमचाचा मिस्त्रींनी नवीन वायरी टाकल्या, त्या ढिल्या राहिल्या, म्हणून हे गेले, असं. कागदाच्या तळाशी बोट ठेवून म्हणाले, "आठे सही कर. बठ्ठा बाजार हाईच म्हणस."
सगळा बाजार हेच म्हणतो खरा. चार महिने चाचांच्या दुकानात कोणी गाडी आणत नाही. नळावर चाची दिसल्या की मीही तोंड फिरवते.
म्हटलं, आधी गाडी बघते, मग सही.
"बाई मानूस फटफटी खोलस! आते रेल्वेबी दुरुस्त करशी का?"

९ फेब्रु.
बॅटरी चार्ज करून आणली. ह्यांचं मोटार दुरुस्तीचं पुस्तक काढलं. किराण्याच्या पुड्यांवर अक्षरं शिकलेली मी, एक पान दोन-दोनदा वाचावं लागतं.
दिवा लागला, म्हणजे बॅटरी ठीक. प्लग काढून इंजिनाला टेकवला, पदर खोचून किक मारली. ठिणगी नाही. पुन्हा. नाही.
चाचांनी टाकलेल्या वायरींचे जोड एकेक ओढून पाहिले. एकही सुटला नाही. मनातून सुटावा असं वाटत होतं, हे लिहून ठेवते.

१० फेब्रु.
पॉइंटवरचं झाकण उघडलं. पुस्तकात आहे, पॉइंटची दोन टोकं एकमेकांना टेकतात, सुटतात, त्यावर ठिणगी. मध्ये जरा घाण आली तरी इंजिन बंद.
मध्ये लाल चिकटा होता.
दसऱ्याला ह्यांनी पॉइंट साफ केले आणि झाकण तसंच ठेवून अंघोळीला गेले. त्या जागेला ते फटफटीचं काळीज म्हणायचे. हँडलला, दिव्याला सगळेच कुंकू लावतात. मी तेलात कालवून काळजालाही लावलं. आणि झाकण मीच बसवलं.
पोस्टकार्डाच्या तुकड्याने पॉइंट पुसले. किक मारली. ठिणगी आली. निळी.
जेवण केलं नाही.

११ फेब्रु.
नानांना सांगितलं. म्हणाले, "कोनले सांगू नको. नवराले बायकोनीच मारं म्हणतीन. मिस्तरीनं काय, तो दुसरं काम करी." कागद ठेवून गेले. उद्या चौकीवर द्यायचा आहे.

संध्याकाळी चाचांकडे गेले. आतून चाची, "चार महिन्यांनी रस्ता सापडला का?" मी सगळं सांगितलं. चाचा हात पुसत राहिले. पुसून झाले तरी पुसत राहिले.
"भाभी, दसऱ्यानंतर दोन दिवस चालली ना गाडी? कुंकवानेच बंद पडली असं मी नाही म्हणणार. नाही पडली असंही नाही."
"वायरी शाबूत आहेत तुमच्या."
"ते मला माहीत होतं," म्हणाले. "विचारलं कुणी?"
चाचींनी बसा म्हटलं नाही.

१२ फेब्रु.
चौकीवर गेले. नानांचा कागद दिला नाही. कोरा मागून घेतला. वायरी शाबूत होत्या, पॉइंटला कुंकू होतं, ते मी लावलं, एवढं लिहिलं. हवालदार म्हणाला, "घरच्यांना विचारलंत का बाई?" खाली सही केली आणि पायी घरी आले.