एका बोटीपुरता सूर्य शांत झाला असे समजणेबाबत

प्रति,
मा. शोध व बचाव अधिकारी,
बंदर कार्यालय.

विषय : ‘थोरली’ या बोटीपुरता व्यत्ययकाळ संपल्याचे जाहीर करून आजच शोध सुरू करणेबाबत.
संदर्भ : खिडकी क्रमांक तीनवर काल मिळालेले तोंडी उत्तर.

महोदय,

१. सोमवारी सकाळी अकरा बेचाळीसला माझ्या पतींचा आवाज बंदराच्या वायरलेसवर आला : “जाळं पंख्यात अडकलंय, आम्ही इथं—” पुढे नुसती खरखर. त्याच क्षणी समुद्रावरच्या सगळ्याच बोटींचे आवाज गेले. सूर्यावर मोठा भडका उडाल्यामुळे लांब पल्ल्याचे वायरलेस बंद पडले आहे, असे आपल्या फलकावर लागले.

२. तासाभराने वायरलेस सुरू झाले. दहा बोटींनी हाकेला ओ दिली, ‘थोरली’ने दिली नाही. तिच्यावर चौघे आहेत : चालक माझे पती, इंजिनावर धाकटे दीर आणि दोन खलाशी. त्या दिवशी वारा नव्हता, आभाळात ढग नव्हता. असे आभाळ मी आजवर चांगले मानत आले.

३. धक्क्यावरच्या भोंग्यावरून दर तासाला सांगतात, “वाहिनी शांत आहे.” काही ऐकू येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. भोंग्याखाली बसून राहिलेल्या माझ्या सासूबाई प्रत्येक वेळी विचारतात, “शांत म्हणजे निजलीत का गं पोरं?” मी हो म्हणते. आमच्या घरात दिवा विझला असे म्हणत नाहीत, शांत झाला म्हणतात. तो शब्द बदलावा, ही दुय्यम विनंती.

४. लागोपाठ दोन हाका चुकवणारी बोट बेपत्ता धरावी, असा नियम आहे. परंतु व्यत्ययकाळातल्या हाका मोजत नाहीत आणि व्यत्ययकाळ अजून संपलेला नाही, कारण त्याच भडक्याचा दुसरा तडाखा उद्या पहाटे पृथ्वीवर पोहोचायचा आहे. खिडकीवरचे साहेब म्हणाले, “ताई, सूर्यामुळं बोलणं बंद पडलं, हे तुम्हालाही मान्य आहे ना? मग बोट बोलत नाही ती सूर्यामुळंच.” मी विचारले, “मग बाकीच्या दहा कुणाच्या कृपेनं बोलल्या?” नैसर्गिक आपत्ती म्हणून तरी शोध घ्या, असे म्हटल्यावर त्यांनी यादी पाहिली. “वादळ आहे, भूकंप आहे, वीज आहे. सूर्य नाही. तो रोजच उगवतो, त्याला आपत्ती कसं म्हणायचं?” रांगेतले एकजण हसले. मलाही हसू आले.

५. उद्या पहाटेपासून वायरलेसबरोबर उपग्रहावर चालणारी दिशादर्शक यंत्रेही भरवशाची राहणार नाहीत, म्हणून शोधाचे विमान उडणार नाही, असेही फलकावर आहे. म्हणजे आज शोध नाही, कारण व्यत्यय संपलेला नाही. उद्या नाही, कारण तो वाढणार आहे. बोटीवरचे पिण्याचे पाणी उद्यापर्यंतचे आहे. मासळीसाठी नेलेला बर्फ वितळवून पिता येतो, पण तो काल संपला असणार. मी बर्फाच्या कारखान्यात कामाला आहे. बर्फ किती टिकतो हे मला कुणी सांगावे लागत नाही.

६. तरी विनंती की, सूर्य शांत होण्याची वाट इतर सर्व कामांसाठी खुशाल पाहावी, माझी हरकत नाही. फक्त ‘थोरली’पुरता तो सोमवारी दुपारीच शांत झाला असे समजावे, तिच्या चुकलेल्या हाका तेव्हापासून मोजाव्यात आणि आज दिवस मावळायच्या आत विमान पाठवावे.

७. हा अर्ज लिहीत असताना, चार दहाला, ‘थोरली’च्या वाहिनीवर तीन वेळा खट्ट असा आवाज आला. बोलणे नाही. बंदराच्या वायरलेसवर कामाला असलेले शेजारचे भावजी धावत आले. म्हणाले, “वहिनी, कुणीतरी बोलायचं बटण दाबून सोडतंय असं वाटलं. पण सूर्यही असले आवाज काढतो. छातीठोकपणे नाही सांगता येत.” चार वीसला पुन्हा तीन वेळा आला. त्यानंतर नाही.

उत्तरासाठी खिडकी क्रमांक तीनसमोरच थांबलेली,
‘थोरली’च्या चालकाची पत्नी
(सही)
बुधवार, दुपारी पावणेपाच

सोबत : १. बोटीचा फोटो. (डाव्या अंगाचा निळा पट्टा आता पुसट झाला आहे.)
२. चौघांची नावे व वये.

ता. क. पाचची सूचना आत्ताच झाली. वाहिनी शांत आहे.