मे महिन्यातली सावली

३ डिसेंबर, सौंसर
नि. नागपूरहून आला. बहिणीचा मुलगा, पहिली रंगपेटी मीच घेऊन दिलेली. बाबांची संत्र्याची झाडं होती त्या आम्हा बहिणींच्या सामायिक प्लॉटवर सात मजले बांधायचेत. नकाशा त्याचाच, माझी सही हवी. चित्र देखणं आहे, कबूल. पण गल्लीपलीकडे वनिताची संत्र्याच्या कलमांची नर्सरी, तिथे याने नुसते शोभेचे चार हिरवे गोल काढलेत. लहानपणी तिच्याच अंगणात जेवायचा. सही केली नाही.

५ डिसें.
इमारतीची सावली कुठवर पडेल ते दाखवणारा कागद मागवला. नर्सरीवर सावलीचा ठिपकासुद्धा नाही. मग कोपऱ्यातली बारीक अक्षरं दिसली : मे, दुपारी बारा.
मेमध्ये इथे सूर्य थेट विहिरीच्या तळाशी दिसतो. तेव्हा माझीही सावली पडत नाही!
फोन केला. "मावशी, सगळेच असं करून राहिले." चुकलो म्हणाला असता तर...

८ डिसें.
वनिताने नुकतेच रोपांवर संत्र्याचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या कळ्या, बांधलेत. थंडीत ऊन मिळालं नाही तर एकही धरणार नाही म्हणते. वर हसून, "तुमच्या घरची सावली हाय बाई, आमी का बोलाव?"
दिवसभर भांडी आपटत होते.

१४ डिसें.
नि.ला बोलावून घेतलं. दुपारी तीनला हातात बांबू आणि चुना दिला. पाच फुटांच्या बांबूची सावली नऊ फूट. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी झेंड्याचा खांब असाच मोजायला लावला होता. इमारतीच्या सत्तर फुटांचं गणित त्यानेच केलं. सव्वाशे फूट. रेघ ओढत गेला : गल्ली, वाफे, थेट वनिताचं दार.
ती चहा घेऊन उभी. "राह्य बाबू इथंच. आता दुपारीच दिवा लावा लागन आमाले."
त्याने हातांचा चुना झटकला.
मी सांगितलं, उंच भाग रस्त्याकडे ने, गल्लीकडे दोनच मजले. बिल्डर मानणार नाही म्हणे. म्हटलं, मग मीही मानत नाही. चहा न पिता गेला. वाईट वाटलं. राग तरीही आहेच.

२१ डिसें.
नवा नकाशा नाही. फोन नाही. बहीण शनिवारी जामसांवलीच्या हनुमानाला मला न सांगता एकटीच जाऊन आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.
तीन वाजता गल्लीत गेले. वनिताने अंगण झाडलं होतं, चुन्याची रेघ तेवढी सोडून. रेघेलगतच्या एका कलमाला कोंब फुटलाय. गव्हाच्या दाण्याएवढा.