मोटारसायकलला नवे टायर बसवू नयेत

मी, सौ. पुष्पाबाई हिलाल बोरसे, वय सदुसष्ट, टेलिफोन खात्यातून निवृत्त, राहणार मेहरूण, जळगाव, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. घरातल्या दोघांपैकी एकाचे तरी डोके ठिकाणावर असताना हे काम उरकावे, म्हणून घाई केली. पोटातला आजार यकृतात उतरला आहे आणि डॉक्टरांनी पुढची तारीख देणे बंद केले आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

१. मेहरूणचे घर माझ्या पगारातून बांधलेले असून माझ्याच नावावर आहे. माझ्या पश्चात माझे पती श्री. हिलाल यांनी हयात असेपर्यंत त्यात राहावे व त्यानंतर ते मुलगा ज्ञानेश्वर याला मिळावे. तोवर घर विकू नये, भाड्याने देऊ नये. ज्ञानेश्वर फोनवर म्हणतो, "आई, बाबांना मी पुण्याला नेतो ना. लिफ्ट आहे, वॉचमन आहे." मागच्या खेपेस त्याच लिफ्टमधून बाहेर यायला बाबा तयार नव्हते आणि शेजाऱ्यांसमोर रडले होते, हे तो विसरला असावा. अट घालते आहे, पण तो ती पाळेल असे मला वाटत नाही.

२. बँकेतील ठेवी हिलाल यांच्या औषधपाण्यासाठी व दिवसभर सोबत करणाऱ्या बाईच्या पगारासाठी वापराव्यात. बाई अजून मिळालेली नाही. आल्या त्या "तुम्ही कोण?" ऐकून ऐकून कंटाळून गेल्या. दागिने सुनेला द्यावेत. पाटल्यांची घडण जुनाट आहे म्हणून तिने नाक मुरडले होते, त्या तिने खुशाल मोडाव्यात.

३. दीर भाईदास, राहणार धुळे, यांना माझ्याकडून काहीही मिळू नये, हवा भरायचा पंपसुद्धा नाही. उन्हाळ्यात चाकातली हवा फुगून टायर फुटतो, म्हणून मे महिन्यात हवा कमी करून ठेवायची, ही आपल्या खान्देशातली जुनी खोड. हवा कमी असली की टायर उलट जास्त तापतो, हे हिलाल यांनी त्यांना जन्मभर सांगितले. गेल्या मे महिन्यात भाईदासांनी घरी येऊन आमच्या मोटारसायकलची हवा काढली आणि मी आत चहा टाकत असताना किल्ली हिलाल यांच्या हातात दिली. "दादा, एक चक्कर मार, तुले बरं वाटई." दादा धुळ्याच्या रस्त्याला लागले. गुळगुळीत झालेला मागचा टायर तापून पारोळ्याच्या अलीकडे बसला, म्हणून ते सापडले. विचारले तर म्हणाले, कच्छला निघालो होतो. भाईदासांच्या मूर्खपणाने ते घराबाहेर पडले आणि त्याच मूर्खपणाने थांबलेही. म्हणून मी त्यांना फक्त काही देत नाही, शिव्या देत नाही.

४. सदर मोटारसायकल माझ्याच नावावर असून साडेतीनशे सीसीची, लांब पल्ल्याची, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या असलेली आहे. तिच्यावर आम्ही कन्याकुमारी पाहिली, कच्छचे रण पाहिले. मी मागे बसत असे. पाठ मोडून येई, पण पुन्हा निघायचे म्हटले की मीच आधी पेट्या भरत असे. मला ते दिवस फार आवडत होते.

आता हिलाल रोज सकाळी टायरवरून हात फिरवतात आणि म्हणतात, "यावर निघता यायचं नाही. चल, टायर बघू." मग आम्ही रिक्षाने नासीरभाईंच्या दुकानात जातो. नासीरभाई टायर ओळीने मांडतात. हिलाल मागच्या टायरवरचा वजनाचा आकडा तपासतात. कोणते टायर कोरड्या रस्त्याचे, कोणते चिखलाचे, हे त्यांना अजून बिनचूक कळते. टायरच्या कडेला तो कधी बनला त्याचा आठवडा आणि साल छापलेले असते, तेही ते वाचतात आणि तिथेच गाडी अडते. पहिल्यांदा त्यांनी कोरा टायर रागाने बाजूला सारला. "हाई साल ते आजून येल नई! फसाडस का माले?" त्यांच्या लेखी २०११ चालू आहे. दुसऱ्या दिवशी नासीरभाईंनी माळ्यावरून २०११ साली बनलेली, न खपलेली जोडी काढली. तिचे रबर लाकडासारखे झाले आहे. ती पाहून हिलाल खूश झाले. "हाऊ ताजा माल! दोन मानसेसना वजनना शे ना? मांगे बायको बसस." नासीरभाई म्हणाले, "हां आबा, भाभींचं वजन धरूनच काढलाय. उद्या बसवू." घरी येईपर्यंत ते सगळे विसरतात आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा निघतो.

५. मोटारसायकल मी श्री. नासीर यांना देत आहे; टायरांची ती जुनी जोडी त्यांचीच आहे. हिलाल हयात असेपर्यंत गाडीला नवे टायर बसवू नयेत. चालण्याजोगे टायर मिळाले तर ते निघतील, आणि या वेळी पारोळ्याजवळ थांबणार नाहीत. ते दुकानात आले तर तीच जोडी दाखवावी, "उद्या बसवू" म्हणावे आणि रिक्षात बसवून घरी पाठवावे. पुण्याला नेले तर हे कलम निरुपयोगी आहे, हे मी जाणते. <s>मागचा टायर नेहमी दोन माणसांच्या वजनाचा म्हणूनच दाखवावा.</s>

६. कलम पाचमधील शेवटची ओळ मी स्वतः खोडली असून खाडाखोडीवर सही केली आहे. कारण लिहिते, म्हणजे कोणी शंका घेऊ नये. काल दुकानात नासीरभाईंनी नेहमीप्रमाणे सांगितले, "दोघांच्या वजनाचा आहे, आबा." हिलाल यांनी टायर परत सरकवला. "एकलाना दखाड. मना मांगे कोनी बसत नई." मी त्यांच्या शेजारी उभी होते, त्यांची पाण्याची बाटली माझ्या हातात होती. नासीरभाई माझ्याकडे पाहू लागले. मी 'असू द्या' अशी मान हलवली.

तेव्हा यापुढे एकट्याचा मागतील तर एकट्याचाच दाखवावा. त्यांची चूक दुरुस्त करू नये. माझे नाव सांगू नये.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे. लाभ मिळणारा साक्षीदार चालत नाही, म्हणून नासीरभाईंची सही घेतलेली नाही; ते बाहेर ओट्यावर हिलाल यांना सांभाळत बसले आहेत.

सही: पुष्पाबाई हिलाल बोरसे

आमच्या समक्ष सही केली:
१. धुरपदाबाई महाजन, शेजारी, मेहरूण
२. तोताराम सोनवणे, निवृत्त टेलिफोन कर्मचारी, चाळीसगाव

स्थळ: जळगाव
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५