पाखरायले टांगलेली कणसं

९ डिसेंबर
काजलनं पुण्याहून पार्सल पाठवलं. उघडलं तं प्लास्टिकचं भांडं. पाखरायले दाणे टाकाचं म्हणे! फोनवर सांगे — आई, बाबाच्या खाटेसमोर टांग, थंडीत नवी नवी पाखरं येतात, त्यायले पाहाले बरं वाटन. बाप लकव्यानं पडला, उजवा हात लाकूड, तोंडातून शब्द नाई, अन् पोरगी भांडं पाठवते. स्वतः येत नाई.
टांगलं.

१२ डिसेंबर
एक पाखरू फिरकलं नाई. पुण्यातले खात असतीन प्लास्टिकातून. भांडं काढलं, त्यात मिरच्या ठेवल्या.
शेजारच्या तानबा भाऊजीनं कडब्यासाठी ज्वारी पेरली हाय. बाकी गावात आता कपाशी, सोयाबीन. त्यायच्याकून कणसं आणली, छपरीसमोर, खाटेवरून दिसतीन अशी, दोरीले बांधली.

१३ डिसेंबर
आली! आधी चिमण्या, मंग मुनिया. दुपारी एक जाड चोचीचं, डोकं-छाती लाल. फोटो पाठवला. काजल म्हणे गुलाबी फिंच, हिमालयाकून येते. तिकून आमची ज्वारी खायले! अन् हिले पुण्याहून वडनेरले याले सुट्टी भेटत नाई.
पण हे खाटेवरून पाहून राह्यले होते. डोळे चमकले. तोंडातून आवाज काढला — हाऽऽ.

१८ डिसेंबर
हात हलला!
व्यायाम शिकवाले पोरगी येते, तिनं सांगतलं होतं — हातात जे बळ परत याचं ते या थंडीतच येईन, मंग आशा नका धरू. तिच्या चेंडूनं झालं नाई ते पाखरायनं केलं. कणसावर बसली की यायचा हात उठते, थरथरते, पडते. मी कणसं वाढवली.

२१ डिसेंबर
भाऊजी चहाले आले. खाटेपाशी बसून यायच्याकडं पाहत राह्यले. मंग हसले.
"वहिनी, खुश नाई हो तो. पाखरं हाकलून राह्यला. जलमभर गोफण फिरवली त्यानं, अन् तुम्ही त्याच्याच समोर पंगत बसवली!"
खरंच. हाऽऽ — वावरातल्या माळ्यावर उभं राहून, पाखरं उडवाले हेच ओरडत. लग्न झालं तवा मीच भाकर घेऊन जात होती वावरात. रोज ऐकलं. अन् ओळखलं नाई.

२२ डिसेंबर
कणसं काढाले उठली. नाई काढली.
राग तं राग! हात उठून राह्यला ना? रागानं उठो. आणखी बांधली, खाटेच्या जवळ. वावर मीच लुटलं असं पाहत होते माह्याकडं. पाहा म्हटलं. शिव्या द्याच्या असतीन तं तोंड उघडून द्या.

२८ डिसेंबर
हात छातीवर आला. मूठही वळते. आज माह्यावर थुंकले. चांगलं हाय. व्यायामवाली पोरगी म्हणे, असंच चालू ठेवा काकू.
मले जेवण जात नाई.

३ जानेवारी
लई थंडी. सकाळपासून पाखरायचा थवा. हे पाहत होते, हात अंगावरच. आवाज नाई. दोरी हलवली, तरी नाई. जवळ गेली तं बोलले. साफ बोलले.
"खाऊ दे."
हाकलाचं सोडलं यायनं. कणसं तशीच ठेवून काजलले फोन लावला. सुट्टी नको मागू म्हटलं, आजच निघजो.